पुढचं ठाऊक नसलेली मुलं

(कुंभकोणम इथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला बोलावलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय मी मागून घेतला. मुलाच्या वाढीवर, त्याच्या मोठं होण्यावर लिहिलेली पुस्तकं हा तो विषय. शिक्षकाच्या स्मृतीला शोभेल असा आणि कुंभकोणमातच बोलावा असा. कारण कावेरीकाठच्या या एका गावाभोवती मोठं होण्याच्या चार कथा एकवटल्या आहेत. चारही एकमेकींपासून अगदी निराळ्या आहेत आणि त्यांतल्या दोघींचा धागा थेट मराठीपर्यंत पोचतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बालपणावर लिहिणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं आणि तीच त्याची मोठी अडचण असते. तो मुलगा पुढे दिवाण झाला, पंडित झाला, गणिती झाला हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. मग मुलाच्या साध्या खोडीतही त्याला भावी मोठेपणाच्या खुणा दिसायला लागतात. मुलाला मात्र पुढचं काही ठाऊक नसतं. परीक्षेत नापास झालेल्या पोराला पुढे आपला पुतळा उभा राहणार आहे हे माहीत नसतं, त्या दिवशी घरी काय सांगायचं एवढीच त्याची चिंता असते. ही चिंता, हे पुढचं ठाऊक नसणं ज्या पुस्तकात शाबूत राहतं, ते मोठं होण्याचं खरं पुस्तक. उरलेली पुस्तकं म्हणजे यशाच्या चरित्राची पहिली प्रकरणं.

या कसोटीवर आपण चार मुलं पाहू.

पहिली कथा कुंभकोणमच्या एका मराठी माणसाची आणि नाशिक जिल्ह्यातल्या एका मराठी पोराची आहे. तंजावूरला व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचं राज्य होतं, ते १८५५ साली संपलं. त्या राज्याच्या आश्रयानं आलेली देशस्थ घराणी कावेरीच्या खोऱ्यात रुजली. अशाच एका घराण्यात १८२८ साली कुंभकोणमला माधवरावांचा जन्म झाला. हेच पुढचे सर टी. माधवराव. मद्रासला शिकून ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, मग त्याच संस्थानचे दिवाण झाले. त्यानंतर इंदूरची दिवाणगिरी केली आणि १८७५ साली ते बडोद्याला आले.

बडोद्यात तेव्हा मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी नुकतंच पदच्युत केलं होतं. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि शोध कवळाणे गावापर्यंत गेला. तिथल्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ हा शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मे १८७५ मध्ये तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्याला शिकवायला एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले, राज्यकारभार माधवराव पाहू लागले. सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

त्याआधी त्याच वर्षी माधवरावांनी या तरुणाला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. 'मायनर हिंट्स' या नावानं ती छापली गेली. राजाचा खासगी खर्च आणि राज्याचा खजिना वेगळा ठेवावा, राजानंही कायद्याची चौकट पाळावी, खुशामत करणाऱ्यांपासून जपावं, माणसं पारखून नेमावीत, इंग्रज रेसिडेंटशी कसं वागावं, अशा विषयांवरची ही शिकवण आहे. आयुष्यभर संस्थानं सांभाळलेल्या माणसाचं शहाणपण त्यात आहे. अलीकडे २०२२ मध्ये राहुल सागर यांनी ती व्याख्यानं संपादून पुन्हा प्रकाशात आणली, ही आनंदाची गोष्ट आहे.

वाढत्या मुलाशी बोलणाऱ्या आपल्याकडच्या पुस्तकांत मी या पुस्तकाला वरचं स्थान देतो. तरी माझ्या कसोटीवर ते अपुरं पडतं. त्यात मुलगा ऐकतो, बोलत नाही. बाराव्या वर्षी आईवडिलांच्या शेतावरून उचलून राजवाड्यात आणलेल्या पोराला रात्री काय वाटत असेल? नाव बदललं, भाषा बदलली, खेळगडी सुटले, याचं त्याला काय झालं असेल? हे तिथे नाही आणि असायचं कारणही नव्हतं. शिकवणाऱ्याला त्या मुलाचं भविष्य ठरलेलं दिसत होतं, आणि ज्याचं भविष्य आधीच ठरलेलं असतं त्याचं बालपण कुणी विचारत नाही.

सयाजीरावांनी आपलं उत्तर पुढे कृतीनं दिलं. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गावोगाव वाचनालयं काढली. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. बाराव्या वर्षापर्यंत ज्याच्या हाती पाटी आली नाही, त्याला पाटी नसलेल्या मुलांचा विसर पडला नाही, असं मी या सगळ्यातून समजतो. माधवरावांच्या व्याख्यानांत त्या मुलाचा आवाज नसला, तरी बडोद्याच्या शाळांत तो आहे.

दुसरी कथा इथून जवळच्याच उत्तमदानपुरम गावची. उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे त्या गावचे, १८५५ साली जन्मलेले. ज्या वर्षी तंजावूरचं मराठी राज्य संपलं, त्याच वर्षी. वडील संगीतावर जगणारे, गरीब. मुलानं गाणं शिकावं ही त्यांची इच्छा होती, मुलाला ओढ होती तमिळ काव्याची. पण याच वडिलांनी मुलाला चांगला शिक्षक मिळावा म्हणून बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावंमागून गावं बदलली. अखेर सतराव्या वर्षाच्या सुमारास तो मायावरमला मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै या महापंडितांकडे पोचला. मुलाचं नाव वेंकटरामन. गुरूंनी विचारलं, घरी आणखी कुठल्या नावानं हाक मारतात का? मुलानं 'सामिनाथन' सांगितलं आणि पुढे जगानं त्याला त्याच नावानं ओळखलं. १८७६ साली गुरू वारले, तेव्हा शिष्य विशीत होता.

या माणसानं आपलं आत्मचरित्र 'एन चरित्तिरम' वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास, १९४० पासून, 'आनंद विकटन' साप्ताहिकात क्रमशः लिहायला घेतलं. १९४२ साली ते गेले, तेव्हा लेखन १८९९ पर्यंतच आलं होतं. पुस्तक अपुरंच राहिलं. पण मोठं होण्याचं पुस्तक म्हणून ते पूर्ण आहे. गुरूच्या दारात उभा असलेला मुलगा, आपल्याला ठेवून घेतील की नाही या धास्तीनं गोठलेला, पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्याच्या लेखणीतून जसाच्या तसा येतो. लेखकाला सगळ्या तमिळ देशानं डोक्यावर घेतलेलं असतं, तरी त्या दारातल्या मुलाला तो ही बातमी कळू देत नाही.

त्या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग इथलाच, कुंभकोणमचाच. १८८० साली अय्यर इथल्या सरकारी कॉलेजात तमिळचे पंडित म्हणून रुजू झाले. वय पंचवीस. त्याच वर्षी इथले मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांच्याशी भेट झाली. काय काय वाचलंत, असं मुदलियारांनी विचारलं. अय्यरांनी शिकलेल्या काव्यांची लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. याच्या आधीचं, जुनं साहित्य वाचलंय का, असं त्यांनी विचारलं आणि 'जीवकचिंतामणी'चं नाव घेतलं. अय्यरांपाशी उत्तर नव्हतं. ज्याला आपण सगळं शिकलो असं वाटत होतं, त्या पंचविशीतल्या शिक्षकाला आपलं शिक्षण आता कुठे सुरू व्हायचंय हे त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी काय केलं? 'चिंतामणी' हा जैन ग्रंथ, आणि त्यातली जैन परंपरा त्यांना अपरिचित. शैव परंपरेत वाढलेला हा ब्राह्मण पंडित कुंभकोणमच्या जैन गृहस्थांकडे गेला आणि त्यांच्यापाशी बसून शिकला. १८८७ साली त्यांनी तो ग्रंथ छापला. पुढे 'पुरनानूरु', 'सिलप्पदिकारम', 'मणिमेखलै' अशी विस्मृतीत गेलेली ताडपत्रं शोधून त्यांनी प्रसिद्ध केली. जुन्या तमिळ साहित्याच्या उद्धाराचं अय्यरांचं हे सगळं काम कुंभकोणमच्या एका खोलीत, लाजेनं मान खाली गेलेल्या माणसापासून सुरू झालं. आणि ती लाज त्यांनी लपवली नाही, म्हातारपणी ती सविस्तर लिहून ठेवली. मोठं होणं अठराव्या वर्षी संपत नाही, हे सांगणारं याहून चांगलं पान मला माहीत नाही.

अय्यर १९०३ साली इथलं कॉलेज सोडून मद्रासला गेले. पुढच्याच वर्षी त्याच कॉलेजात एक मुलगा दाखल झाला. श्रीनिवास रामानुजन. ही तिसरी कथा, आणि ती सगळ्या जगाला ठाऊक आहे. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरचं लहानसं घर, साडीच्या दुकानात कारकुनी करणारे वडील, देवळात भजनं गाणारी आई कोमलताम्माळ, टाउन हायस्कूल. १९०३ च्या सुमारास त्याच्या हाती कार यांचं गणिताचं एक पुस्तक पडलं. सुमारे पाच हजार प्रमेयं एकापाठोपाठ मांडलेली, बहुतेकांना सिद्धता नाहीत. परीक्षेच्या तयारीसाठी केलेल्या या कोरड्या पुस्तकानं एका मुलाला आपल्या वाटेवर आणून सोडलं. मुलाला घडवणारी पुस्तकं मुलांसाठीच लिहिलेली असायला हवीत असं नाही, याचा हा मोठा दाखला.

रामानुजनानं आपलं बालपण लिहिलं नाही. १९२० साली बत्तीस वर्षांचा असताना तो गेला. त्याचं बालपण इतरांनी लिहिलं, रॉबर्ट कॅनिगेल यांनी १९९१ साली फार कष्टानं आणि प्रेमानं लिहिलं. पण लोकांच्या तोंडी जे रामानुजन-चरित्र आहे, त्यात पुढचं ठाऊक असण्याचा दोष पुरेपूर उतरला आहे. त्यात प्रत्येक प्रसंग चमत्कार होतो. मला त्यातला १९०५ सालचा मुलगा जवळचा वाटतो. गणितापायी इंग्रजीकडे दुर्लक्ष झालं, शिष्यवृत्ती गेली आणि सतरा वर्षांचा हा पोरगा घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. त्या क्षणी तो जगप्रसिद्ध गणिती नव्हता. नापास झालेला आणि घरी तोंड दाखवायला लाजणारा तो एक मुलगा होता. आजही दर वर्षी निकालाच्या दिवशी अशी मुलं घरातून निघून जातात. त्यांच्यापाशी रामानुजनाची गोष्ट न्यायची असेल, तर ती या प्रसंगापासून न्यावी.

आणखी एक गोष्ट त्याच घरात घडली. दोन वर्षांच्या रामानुजनाला देवी आल्या आणि तो वाचला, पण त्याच्या पाठची तीन भावंडं तान्हेपणीच गेली. मोठं होणं हे गृहीत धरायची गोष्ट नाही. १६ जुलै २००४ रोजी याच शहरात एका शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली, हे मी इथे बसलेल्यांना सांगायला नको. मोठं होण्याची सगळी पुस्तकं जगलेल्या मुलांनी लिहिलेली असतात. न जगलेल्यांची आठवण आपण ठेवायची आणि ती शाळेच्या सुरक्षित जिन्यात, रुंद दरवाजात, न पेटणाऱ्या छपरात ठेवायची.

चौथी कथा कादंबरीतली. ति. जानकीरामन हे कुंभकोणमच्या याच कॉलेजात शिकलेले. त्यांची 'मोहमुळ' ही कादंबरी १९५० च्या दशकात साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचा नायक बाबू कुंभकोणमला कॉलेजात शिकतो, रंगण्णा नावाच्या वृद्ध गुरूंकडे संगीत शिकतो आणि त्याचा जीव जडतो तो त्याच्याहून वयानं मोठ्या असलेल्या यमुनेवर. ही यमुना तमिळ वडिलांची आणि तंजावूरच्या मराठी आईची मुलगी. आईचं नाव पार्वतीबाई. या जन्मामुळे यमुनेचं लग्न पुन्हा पुन्हा मोडतं. तमिळ साहित्यातल्या एका थोर कादंबरीच्या मध्यभागी अशी एक मराठी माय-लेक उभी आहे, हे महाराष्ट्रातल्या किती वाचकांना माहीत असेल?

बाबू पुढे कोण होणार, हे जानकीरामन यांनाही आधी ठरवायचं नव्हतं, असं ही कादंबरी वाचताना वाटतं. म्हणूनच ती माझ्या कसोटीला पूर्ण उतरते. मुलाचं मोठं होणं म्हणजे त्याचं शरीर जागं होणं, त्याची लाज, त्याचा स्वार्थ, गुरूपुढचं त्याचं लहानपण, हे सगळं त्यात आहे. आणि मुलगा मोठा होत असताना त्याच्या शेजारच्या बाईला त्याची काय किंमत मोजावी लागते, हेही आहे. मुलाच्या वाढण्याची बहुतेक पुस्तकं हा हिशेब टाळतात. जानकीरामन टाळत नाहीत.

आता आपल्या मराठीकडे वळतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ते पुस्तक घरोघर गेलं, कारण त्यात मोठा झालेला श्याम आपलं यश सांगत नाही, आपल्यावरचं ऋण सांगतो. पुढे 'कोसला' आली, १९६३ साली, आणि पंचविशीच्या पांडुरंगानं मोठं झाल्यावर काहीतरी मिळतं हा समजच मोडून टाकला. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा आहे, आणि त्याला नववीच्या पलीकडचं खरोखरच काही ठाऊक नाही.

पण मी आतापर्यंत सांगितलेल्या कुंभकोणमच्या मुलांकडे पुन्हा पाहा. माधवराव, स्वामिनाथ, रामानुजन, बाबू, सगळी अक्षर असलेल्या घरांतली. गरिबी होती, पण पोथी घरात होती. ज्यांच्या घरात पोथी येऊच दिली नव्हती, त्यांचं बालपण कुणी लिहायचं? मराठीत ते त्यांनी स्वतः लिहिलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि महारवाड्यातलं बालपण मराठी पुस्तकाच्या मध्यभागी येऊन बसलं. आनंद यादवांच्या 'झोंबी'त कागलचा मुलगा शाळेत जाऊ द्यावं म्हणून बापाशी वर्षानुवर्षं झगडतो. श्यामला आई होती, शाळा होती. 'झोंबी'तल्या पोराला शाळा मिळवावी लागली. या पुस्तकांनंतर बालपण गोड असतं असं सरसकट म्हणायचा अधिकार मराठी लेखकाला उरला नाही. मराठी आत्मकथनांचं हे सगळ्यात मोठं काम आहे, असं माझं मत आहे.

आणि एक मुलगा इथल्या मराठी घरांना फार जवळचा वाटेल असा आहे. प्रकाश नारायण संत यांचा लंपन. 'वनवास' १९९४ साली आलं, त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. बेळगावकडच्या त्या मुलुखात आजीआजोबांकडे वाढणारा हा मुलगा मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत कानडीची लय आहे, तिथले शब्द आहेत. संतांनी त्या भाषेला पुण्याच्या वळणावर आणलं नाही. मुलगा जसा बोलतो तसं लिहिलं आणि मराठी वाचकांनी त्याला कडेवर घेतलं.

श्रोतेहो, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात मराठी बोलली जाते, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. भजनात नामदेव-तुकारामांचे अभंग आणि त्यागराजांच्या कृती एकाच बैठकीत गायल्या जातात. दोन-तीनशे वर्षं कावेरीचं पाणी प्यालेली तुमची मराठी आमच्या मराठीहून वेगळी झाली आहे. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. तो राजांचा इतिहास झाला. त्या राज्यातल्या, आणि राज्य गेल्यानंतरच्या, साध्या घरांतल्या पोरांचा इतिहास कुणी दगडावर कोरत नाही. तो कागदावरच यावा लागतो.

म्हणून माझी विनंती अशी. इथे साठी-सत्तरीचे जे आहेत, त्यांनी आपलं लहानपण लिहावं. तुम्ही घरात बोलता त्याच मराठीत लिहा. तिच्यात तमिळ शब्द येतील, ते काढू नका. देवनागरी वाचता येत नसेल तर तमिळ लिपीत लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, त्याच्या फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. आणि लिहिताना आपण पुढे कोण झालो हे बाजूला ठेवा. शाळेत कुठल्या भाषेत नाव सांगायची लाज वाटली, कुठल्या शिक्षकानं जवळ घेतलं, कोण मित्र सुटला, घरात कुणाला शिकू दिलं नाही, ते लिहा. मुलींचं लहानपण तर आवर्जून लिहा, कारण ते सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे.

महाराष्ट्रातल्या संपादकांना आणि प्रकाशकांनाही माझं सांगणं आहे. असं हस्तलिखित तुमच्या हाती आलं, तर त्याची भाषा सुधारू नका. अर्थ लागत नसेल तिथे खाली टीप द्या, पण मजकुराला हात लावू नका.

आणि इथे बसलेल्या शाळकरी मुलांनो, तुम्हाला पुढचं काही ठाऊक नाही, याची भीती बाळगू नका. कवळाण्याच्या गोपाळला, उत्तमदानपुरमच्या वेंकटरामनला आणि सारंगपाणी मंदिरासमोरच्या रामानुजनालाही ते ठाऊक नव्हतं. आपल्याला शिकवणारा माणूस शोधा, त्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं तरी जा, आणि आजपासून एक वही ठेवा. तुमचं लहानपण तुमच्याहून चांगलं दुसरं कुणी लिहू शकणार नाही.